करड्याला अर्थ नसतो

बाईंनी कुटुंबाचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांना रंग दिसायचे बंद झाले होते. ही गोष्ट जगात तिघांना माहीत होती: स्वतः बाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरला आणि धाकट्या मुलीला. डॉक्टर रोज इतके डोळे बघायचा की तो विसरून गेला होता, आणि धाकटी घरातलीच होती. त्यामुळे बोभाटा व्हायची भीती नव्हती.

बाई म्हणजे मुलींच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गाव त्यांना बाई म्हणे. मुलं तोंडाने आई म्हणत, पण मनातल्या मनात तीही बाईच म्हणत असावीत. आयुष्यभर त्यांनी एकच काम मन लावून केलं होतं: माणसाकडे बघायचं आणि त्याला गुण द्यायचे. निवृत्तीनंतर गुण द्यायला कोणी उरलं नाही. पोटची तीन मुलं, एक सून आणि एक जावई एवढीच तुकडी हाताशी राहिली, आणि तीही बहुतेक गैरहजर असे. बाई खंगायला लागल्या.

त्यांना वाचवलं रंगसरांनी. हे चित्रकलेच्या कॉलेजातून निवृत्त झालेले गृहस्थ वाचनालयाच्या सभागृहात दर शनिवारी 'चित्रातल्या रंगांचा अर्थ' या विषयावर बोलत. पडद्यावर एखादं जुनं चित्र दाखवायचं, त्यातल्या एखाद्या झग्यावर छडी ठेवायची आणि विचारायचं, "हा निळाच का?" समोरची पेन्शनर मंडळी चोरी पकडल्यासारखी गप्प बसत. मग सर सांगत. निळा म्हणजे निष्ठा. पिवळा म्हणजे फितुरी. गद्दार ओळखायचा असेल तर त्याचा चेहरा बघू नका, झगा बघा. हिरवा मत्सराचा, जांभळा मोठेपणाचा, लाल सत्तेचा, पांढरा निष्पापपणाचा. काळा अधिकाराचा आणि मरणाचा, "म्हणजे एकाच गोष्टीचा," असं म्हणून सर स्वतःच थोडं हसत. "चित्रकार तोंडाने बोलत नाही," ते सांगत, "पण कोणाला काय समजायचं ते तो मांडून मोकळा होतो. आणि ज्याच्याबद्दल मांडलं तो आपला चेहरा छान आलाय म्हणून खूश!"

हे शेवटचं वाक्य बाईंच्या मनात घर करून बसलं. शाळेत निकाल लावला की पालक भांडायला येत. इथे निकाल सोनेरी चौकटीत घालून भिंतीवर टांगता येत होता, आणि ज्याचा निकाल लागला तोच आभार मानत होता.

तेव्हा बाईंना दिसत होतं. पुढे हळूहळू डोळ्यांचा पडदा झिजत गेला. आधी समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी एक डाग आला. आजूबाजूचं, म्हणजे कान, खांदे, खुर्चीची पाठ, व्यवस्थित दिसे. मग रंग गेले. लाल, हिरवा, निळा, सगळ्यांचं मिळून फडकं पिळलेल्या पाण्यासारखं काहीतरी झालं. बाई डगमगल्या नाहीत. मुख्याध्यापिका असताना तरी त्या कुठे लोकांचे चेहरे बघत होत्या?

पण हे बाहेर कळून चालणार नव्हतं. थोरला मुलगा टाइल्सचं शोरूम चालवत होता, मधली मुलगी डेंटिस्ट होती, आणि या दोघांनी एक गोष्ट केव्हाच ठरवून ठेवून आईला प्रेमाने सांगितलीही होती. आईला आपलं आपण जमतंय तोवर घर आईचं. जमेनासं झालं की घर विकायचं आणि आईने टेकडीवर राहायचं. टेकडीवर वृद्धांसाठी एक निवासस्थान होतं. तिथली हवा चांगली होती, नर्स हसतमुख होत्या, आणि तिथून कोणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. "तुझ्याच भल्यासाठी ना, आई," मधली म्हणायची. दुखणार नाही असं सांगताना दातांचे डॉक्टर एक आवाज लावतात, त्या आवाजात.

तेव्हा बाईंना दिसतंय हे सगळ्यांना दिसत राहणं जरुरीचं होतं. हे काम धाकटीचं.

धाकटी हे बाईंचं तिसरं अपत्य. लग्न केलं नव्हतं. एका ट्रॅव्हल कंपनीत लोकांना लांबलांबची तिकिटं काढून द्यायची. आईचे डोळे बिघडले तशी ती नोकरी सोडून घरी बसली. कारण कोणाला सांगता येत नव्हतं, म्हणून भावंडांनी आपापसात ठरवलं की हिला काढून टाकलेलं दिसतंय. घरी बसून तिने एक युक्ती काढली होती. कोणी दारात आलं की ती मोठ्याने म्हणायची, "अगंबाई, वहिनी! हिरवा कोट! नवीन वाटतं?" किंवा, "दादा, आज तपकिरी स्वेटर? थंडी आहे का बाहेर?" चहा होईपर्यंत बाई गप्प बसत आणि मग सहज म्हणत, "हिरवा तुला खुलत नाही हो." सून घरी जाऊन नवऱ्याला सांगे, म्हातारीचे डोळे अजून घारीसारखे आहेत. धाकटीबद्दल म्हणे, "वन्सं रंग शिकतायत. होतील हळूहळू." जावयाने धाकटीचं नाव 'रंगपेटी' ठेवलं होतं आणि प्रत्येक वेळी तो ते पहिल्यांदाच सुचल्यासारखं हसून घेई.

बाईंनी जाहीर केलं की पंचाहत्तरीला चित्र हवं. सगळे एकत्र, तेलरंगात, दिवाणखान्याची भिंत भरेल एवढं. मध्ये काळ्या शालीत त्या स्वतः. बाकी कोणी काय घालायचं ते त्या ठरवणार. कोट आणि शाली बाजारातून आणून चित्रकाराकडे पोचवायच्या होत्या, त्यामुळे निकाल सगळ्यांत आधी धाकटीला ऐकायला मिळाला.

"तुझ्या वहिनीला पिवळा," बाई म्हणाल्या. "चांगला झणझणीत बघ."

"वहिनीने काय फितुरी केली?"

"अजून नाही केली. पण चित्र टिकतं ना बरीच वर्षं. पुढचा विचार नको करायला?"

"बरं. ताईला?"

"हिरवा. लहानपणी थोरल्याच्या ताटात डोकावून जेवायची. आपल्या ताटात काय आहे ते तिला आजतागायत माहीत नाही."

"भाओजींना?"

"जांभळा. बायकोच्या दवाखान्यात खुर्ची अडवून बसतो आणि पेशंटकडून डॉक्टर म्हणवून घेतो. उसना मोठेपणा. जांभळाच."

"आणि दादाला?"

"निळा."

 निळा कोट धाकटी आधीच घेऊन आली होती, स्वतःच्या मापाचा. बाकीचे रंग वाटून झाले की शेवटी निळाच उरणार, असा तिचा सरळ हिशेब होता. निष्ठेच्या विषयाला या घरात दुसरं कोणी बसलंच नव्हतं.

"दादा महिन्यातून एकदा येतो, आई."

"म्हणून तर. येतो तेव्हा आल्यासारखा वाटतो. तू काय, असतेसच."

"मग मला कुठला?"

बाईंनी जरा विचार केला. आई आपल्याबद्दल विचार करतेय हे बघून धाकटीला तेवढ्यातही बरं वाटलं.

"करडा," बाई म्हणाल्या.

"करड्याचा अर्थ काय?"

"करड्याला अर्थ नसतो. मी विचारलं होतं सरांना. बाकीचे उठून दिसावेत म्हणून तो शेजारी लावतात. सगळ्यांनाच रंग दिले तर बघणाऱ्याला कळत नाही कोणाकडे बघायचं." बाई काही दुष्ट नव्हत्या, त्यामुळे त्यांनी समजूतही घातली. "तुझ्यावर आरोप नाहीये त्यात काही. पिवळ्यापेक्षा बरा की."

धाकटीला तसं वाटलं नाही. पिवळा द्यायचा म्हणजे आईला आपल्याबद्दल रात्रंदिवस काहीतरी वाटायला हवं. तिला वहिनीचा हेवा वाटला. पण हिरवा ताईला देऊन झाला होता. दुसऱ्या दिवशी तिने निळा कोट दुकानात नेऊन दादाच्या मापाचा बदलून आणला.

चित्रकाराची खोली एका लॉन्ड्रीच्या वर होती. खालून इस्त्रीची वाफ येऊन फरशी गरम राही आणि रंग लवकर वाळत, असं तो सांगे; भाडं कमी आहे असं सांगत नसे. चेहऱ्यांसाठी तो माणसांना बसवी. कपड्यांसाठी त्याला माणसं लागत नसत. कोट लाकडी पुतळ्यावर अडकवायचा आणि निवांत रंगवायचा. "कोट हलत नाही," तो म्हणे, "आणि मला जरा बारीक करा असंही म्हणत नाही."

त्याची पद्धत जुनी होती. आधी अख्खं चित्र फक्त करड्या रंगात पुरं करायचं: सावल्या, सुरकुत्या, बटणं, सगळं. ते वाळलं की वरून पातळ रंगाचा काचेसारखा थर द्यायचा. खालचा करडा त्यातून दिसत राहतो आणि रंगाला खोली येते. रंग चुकला तर ओला असेपर्यंत फडक्याने पुसून दुसरा चढवता येतो.

पहिला थर पुरा झाला तेव्हा बाई आणि धाकटी बघायला गेल्या. सगळं कुटुंब करडं होतं. धाकटी बघतच राहिली. पहिल्यांदाच ती सगळी एका घरातली माणसं वाटत होती.

"तुमचं झालं," चित्रकार तिला म्हणाला.

"म्हणजे?"

"तुम्हाला करडंच ठेवायचंय ना? मग आता वर काय चढवणार? तुम्ही पहिल्याच थरात आटपलात. असं गिऱ्हाईक मिळत नाही हो."

बाई चित्रासमोर उभ्या राहिल्या, मान हलवली, एक पाऊल मागे गेल्या, पुन्हा मान हलवली. चित्रकाराला काही संशय आला नाही. ज्यांना दिसतं ती माणसंही चित्रासमोर एवढंच करतात.

रंग चढायला लागले तशी बातमी फुटली. रंगसरांचा फोन नंबर मिळवणं अवघड नव्हतं. ते स्वतःच तो वाटत असत. पहिला फोन सुनेने केला. सरांनी सांगितलं की पिवळा फितुरीचा, पण तसा तो सूर्याचाही. सून सासूला ओळखून होती. तिने सूर्याची आशा धरली नाही. मधलीला सर म्हणाले, हिरवा मत्सराचा, पण आशेचाही. "आशा कसली? मला काय कमी आहे?" असं म्हणून तिने दोन्ही अर्थांचा अपमान एकदमच करून घेतला. थोरला निळ्यावर खूश होता. मग त्याने उगाच फोन केला, आणि सरांनी सांगितलं की निळा निष्ठेचा खराच, पण दुराव्याचाही. थंड माणसाचा, आणि एकदा थंड झाला की उठत नाही त्याचाही. शोरूमच्या मालकाला हे परवडण्यासारखं नव्हतं.

प्रत्येक जण चित्रकाराकडे एकटा गेला. थोरल्याने सांगितलं, "लाल करून टाका. आईला मी समजावतो." बदल्यात लॉन्ड्रीवरच्या खोलीतल्या बाथरूमला नव्या टाइल्स बसल्या. सुनेने काही दिलं नाही. ती पुतळ्यावरच्या पिवळ्या शालीकडे बघून अशी काही रडली की चित्रकाराने घाबरून तिला पांढरं केलं. मधलीने चित्रकारालाच दवाखान्यात बोलावलं. त्याची एक दाढ बरेच दिवस ठणकत होती. तोंड उघडं, तोंडात दोन बोळे आणि एक नळी, अशा अवस्थेत तिने त्याला विचारलं, "निळा. जमेल ना? बोलू नका, नुसती मान हलवा." हातात पक्कड होती. त्याने मान हलवली.

राहता राहिला जावई. जांभळा करायला लाल आणि निळा लागतो, आणि ते दोन्ही थोरल्यावर आणि मधलीवर खर्ची पडले होते. सुनेसाठी घोटलेला पिवळा मात्र वाया चालला होता. चित्रकार काटकसरी माणूस. जावई पिवळा झाला. त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही चित्र बघताना डोक्यावर केस पुरेसे काढलेत ना, एवढंच बघितलं.

आईला न सांगता हे सगळं करायची हिंमत त्यांना झाली कशी, असं कोणी विचारेल. उत्तर सोपं आहे. बाई मधूनमधून येऊन चित्रासमोर उभ्या राहत होत्या, आणि चित्रकार प्रत्येकाला खरं तेच सांगत होता: "बाईंनी बघितलं. काही बोलल्या नाहीत. मान हलवली." बाई काही बोलल्या नाहीत, ही त्या घराच्या इतिहासातली पहिलीच वेळ होती.  "आईंनी मला माफ केलं हो," सून नवऱ्याला म्हणाली. कशाबद्दल, ते तिने सांगितलं नाही.

आणि धाकटी? ती प्रत्येक वेळी आईचा हात धरून तिथेच उभी होती. निळा पुसलेलं फडकं तिने पाहिलं. लाल कोट ओला चकचकताना पाहिला.

परत येताना टॅक्सीत बाईंनी विचारलं, "थोरला कसा आलाय?"

"उठून दिसतोय."

"निष्ठा लपत नाही. आणि तुझी वहिनी?"

"वहिनी खूश आहे."

"मूर्ख आहे," बाई समाधानाने म्हणाल्या.

धाकटी एकही शब्द खोटा बोलली नव्हती. घरी जाऊन तिने ते मनातल्या मनात पुन्हा तपासून पाहिलं.

एक संधी मात्र तिने आईला दिली. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती आईची नखं कापत होती आणि बाई दुसऱ्या दिवशीचं भाषण घोकत होत्या. पाहुण्यांसमोर एकेकाच्या रंगावर छडी ठेवून त्याचा अर्थ सांगायचा, अशी योजना होती. जागा त्यांना पाठ होत्या: डावीकडून थोरला, सून, मध्ये आपण, मग मधली, जावई. सगळ्यांच्या मागे, पडद्याजवळ, धाकटी.

"आई, माझं नाव येणार आहे का भाषणात?"

"तुझं कशाला?" बाई म्हणाल्या. "करड्यापाशी थांबलं की भाषण रेंगाळतं."

धाकटीने करंगळीचं नख कापलं आणि कानशीने घासून गुळगुळीत केलं.

दुसऱ्या दिवशी दिवाणखाना भरला. शाळेतल्या जुन्या शिक्षिका आल्या, शेजारीपाजारी आले, रंगसर छडी घेऊन आले. थोरल्याने चित्रावरची चादर ओढली. लोक 'वा' म्हणाले, कारण चित्र मोठं होतं. बाई उठल्या, सरांकडून छडी घेतली, आणि आवाज न चढवता शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची त्यांची जुनी लकब होती, त्या आवाजात बोलायला लागल्या.

"हा माझा थोरला." छडी बरोबर त्याच्या छातीवर टेकली. "निळ्यात. निळा निष्ठेचा."

छडीखाली लालभडक कोट होता.

 एका शिक्षिकेने चष्मा पुसून पुन्हा घातला. मग मागून रंगसरांचा आवाज आला, "क्या बात है! लाल दाखवायचा आणि निळा वाचायचा! इथवर पोचायला माझी हयात गेली." लोकांना हायसं वाटलं. म्हणजे हे चित्रातलं काहीतरी होतं. टाळ्या पडल्या.

"ही माझी सून. पिवळ्यात. पिवळा कशाचा ते सरांना विचारा, मी कशाला वाईट होऊ?"

छडीखाली शुभ्र पांढरी शाल. माफी मिळाली म्हणून पुढच्या खुर्चीत ताठ बसलेली सून त्या शालीहून पांढरी पडली. शेजारणीने तिच्याकडे वळून बघितलं. शेजारीण शनिवारी व्याख्यानाला जात असे.

"ही मधली. हिरव्यात. हिच्याबद्दल बोलायला नको, ती स्वतःच दुसऱ्यांबद्दल बोलते." निळ्या कोटातली मधली हसली, दवाखान्यात हसते तशी. "आणि हे जावईबापू, जांभळ्यात."

जावयाने आयुष्यात पहिल्यांदा चित्रातल्या स्वतःच्या कपड्यांकडे बघितलं. "मला तर पिवळा वाटतोय," तो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," मधली म्हणाली. पण तिनेही मान वळवून आईकडे बघितलं.

थोरल्याच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं. टाइल्सच्या धंद्यात माणूस एवढं शिकतो: गिऱ्हाइकाला शेड कळत नसेल तर ते जास्त ठामपणे बोलतं. तो पुढे झाला. आईच्या खांद्यावर त्याने हळूच हात ठेवला. इतक्या मायेने त्याने तिला बऱ्याच वर्षांत हात लावला नव्हता.

"आई, माझा आजचा शर्ट कुठल्या रंगाचा आहे गं?"

"तुला न शोभणाऱ्या," बाई म्हणाल्या. लोक हसले. बाई अजून बाईच होत्या.

"नाही, पण सांग ना. गंमत म्हणून."

बाईंनी मान किंचित उजवीकडे वळवली. अशा वेळी त्या बाजूने नेहमी एक बावळट, मोठा आवाज यायचा: दादा, आज अमक्या रंगाचा शर्ट? कोणी दिला रे? बाई थांबल्या. सगळे थांबले. त्या थांबल्यात, आणि कोणासाठी थांबल्यात, हे आता लपण्यासारखं राहिलं नव्हतं.

धाकटी टेबलाशी उभी राहून केक कापत होती. थोरल्याचा शर्ट तिला तिथून स्वच्छ दिसत होता. तो निळा होता.

बाईंना वाटलं असावं की चित्रात निळा कोट असताना त्याच दिवशी निळा शर्ट कशाला कोण घालेल. त्या हुशार होत्या. "पांढरा," त्या म्हणाल्या.

"केक कुणाकुणाला?" धाकटीने विचारलं.

त्यानंतर सगळे बाईंशी फार चांगले वागले. मधलीने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि तो आवाज लावला. "आई, तू आम्हाला सांगितलं कसं नाहीस? एकटीने सोसलंस?"

"मला सगळं दिसतंय," बाई म्हणाल्या.

"काय दिसतंय?"

"तुम्ही सगळे."

हे खरं होतं, पण त्याचा आता उपयोग नव्हता. पाहुणे जायच्या आत थोरला बाल्कनीत जाऊन टेकडीवर फोन करून आला. खोली रिकामी होती. तिथे खोल्या रिकाम्या होतच असतात. रंगसर जाता जाता धाकटीला म्हणाले की असं काळीज हलवणारं रसग्रहण त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि केकचा आणखी एक तुकडा कागदात बांधून मागितला.

घर विकलं गेलं. धाकटीही त्याच घरात राहत होती ही गोष्ट व्यवहार पुरा झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आली. "अगं, तू बोललीच नाहीस," थोरला तिला म्हणाला. तिने एका बसथांब्याजवळ भाड्याने खोली घेतली आणि तिकिटं काढून देण्याची नोकरी पुन्हा धरली. जुन्या जागी आता तिच्याहून लहान साहेब होता. चित्र कोणालाच नको होतं. ज्या चित्रासमोर सगळ्या गावादेखत आपल्याला फितूर म्हटलं ते सून घरात घेणं शक्य नव्हतं, आणि मधलीच्या मते तिचं नाक चुकलं होतं. म्हणून ते आईची हौस म्हणून टेकडीवरच्या खोलीत पाठवलं. खोली लहान होती. पलंगावर झोपलं की चित्र अंगावर आल्यासारखं वाटे, पण बाईंना त्याचा त्रास नव्हता.

थोरला महिन्यातून एकदा येई, आणि आल्यासारखा वाटे. धाकटी दर रविवारी जाई.

पहिले बरेच रविवार बाई तिच्याशी बोलल्या नाहीत. नर्सशी बोलत, भिंतीशी बोलत. धाकटी नखं कापी, चादर बदली आणि शेवटची बस गाठी. मग एका रविवारी बाई उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "सांग आता. थोरला कुठल्या रंगात आहे?"

"लाल."

"वाटलंच. आणि त्याची बायको?"

"पांढऱ्यात."

बाई हसल्या, कडवट नाही, चांगल्या हसल्या. "मधली?"

"निळी."

"दादाचं ताट ओढलंन शेवटी. जावई?"

"पिवळे."

"त्याने काय केलं?"

"काही नाही. रंग उरला होता."

बाईंनी मान हलवली, एक पाऊल मागे जायला आता जागा नव्हती. "आणि तू?"

धाकटीला त्या घटकेला काहीही म्हणता आलं असतं. निळी म्हटलं असतं तरी पडताळायला कोणी नव्हतं. नर्सना चित्र बघायला फुरसत नव्हती.

"करडी," ती म्हणाली.

"म्हणजे सांगितल्यासारखं एवढं एकच केलं त्याने." बाई म्हणाल्या. "तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दादाचा लाल ओला होता तेव्हापासून."

खालच्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला आणि कोणीतरी तो बंद केला. बाई ज्या बाजूने धाकटीचा आवाज आला होता तिकडे तोंड करून बसल्या. मधल्या डागातून काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला बघायचा प्रयत्न केला. बराच वेळ केला. इतका वेळ त्यांनी तिच्याकडे पूर्वी कधी बघितलं होतं असं धाकटीला आठवेना.

"चित्रकाराला बोलाव," बाई म्हणाल्या. "तुझ्यावर पिवळा चढव म्हणावं."

धाकटीने पुढच्या रविवारची वाट बघितली नाही. ती टेकडी उतरून तशीच लॉन्ड्रीवरच्या खोलीत गेली. चित्रकार नव्या बाथरूममधून हात पुसत बाहेर आला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, काम सोपं आहे. खालचं करडं तयारच आहे, एका थराचं काम. "पण बाईंना तर दिसणार नाही."

"मला दिसेल."

"बरं. कुठला घेऊ? हा लिंबासारखा, हा केशरीकडे जाणारा, आणि हा मातकट." त्याने तिन्ही ट्यूबमधून थोडा थोडा रंग काचेवर काढला. "मातकट घ्या माझं ऐकून. फितुरीलाही चालतो आणि डोळ्यात येत नाही."

धाकटीने काच उचलून खिडकीशी नेली. खाली लॉन्ड्रीवाले दुकान बंद करायला लागले होते. तिने एकेक रंग बोटाने पसरला, उजेडात धरला, पुसला, पुन्हा पसरला. चित्रकाराने घड्याळ बघितलं.

"डोळ्यात येणारा कुठला?" तिने विचारलं.